५१२ बाइटांची देवडी

एकाच कॉम्प्युटरवर दोन-तीन ऑपरेटिंग सिस्टिम्स कशा टाकायच्या हे सांगणारे लेख ढिगाने मिळतात. हे पार्टिशन लहान करा, ते पेनड्राइव्ह लावा, चार वेळा 'नेक्स्ट' दाबा, झालं. पण लिनक्स आधी टाकून विंडोज नंतर टाकली की लिनक्स 'गायब' का होतं? मेन्यू नक्की कुठे बसलेला असतो? आणि मुळात तिथे बसायचा हक्क कोणाचा? ही गोष्ट सहसा कोणी सांगत बसत नाही. चाळीसेक वर्षांची गोष्ट आहे, आणि तिच्यात नुसते बिट्स-बाइट्स नाहीत, चक्क कोर्टकचेऱ्यासुद्धा आहेत.

लिहायला निमित्त म्हणजे विंडोज १०. तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि साधारण २०१७-१८ च्या पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे त्याआधीची बरीचशी यंत्रं, जी अगदी ठणठणीत आहेत, ती कागदोपत्री म्हातारी झाली. "तू आयटीत आहेस ना, मग हा लॅपटॉप बघ जरा" हे वाक्य तेव्हापासून मी इतक्यांदा ऐकलंय की विचारू नका. अशा यंत्रावर जुनी विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणं हा सरळ उपाय आहे. पण ते करताना आपण ज्या जागेत हात घालतो, ती जागा फार जुनी आणि फार भांडणाची आहे.

तर सुरुवातीपासून. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पीसी जाहीर केला तेव्हा त्यासाठी एक नाही, तीन ऑपरेटिंग सिस्टिम्स सांगितल्या होत्या: पीसी-डॉस, सीपीएम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. डॉस ४० डॉलरला होती आणि सीपीएम-८६ बाजारात आली ती २४० डॉलरला, त्यामुळे लढाईचा निकाल काय लागला हे सांगायला नको. पण गंमत बघा, त्या पहिल्या पीसीत हार्डडिस्कच नव्हती. फ्लॉपी घातली, मशीन चालू केलं, की फ्लॉपीवर जे असेल ते सुरू. दुसरी सिस्टिम हवी? दुसरी फ्लॉपी घाला. इतकं स्वच्छ मल्टिबूट नंतर कधी झालं नाही!

भांडण सुरू झालं हार्डडिस्क आल्यावर. मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, त्यात १० एमबीची डिस्क होती (हो, दहा एमबी, आजचा एक फोटो), आणि बरोबर डॉस २.० आली. डिस्क एकच, ती काढता-घालता येत नाही. मग दोन सिस्टिम्सना एका डिस्कवर नांदवायचं कसं? त्यासाठी डिस्कचे भाग पाडायची सोय झाली, म्हणजे पार्टिशन्स. आणि कुठला भाग कुठे सुरू होतो याची नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये ठेवायची ठरली. हाच तो मास्टर बूट रेकॉर्ड, एमबीआर.

सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले शेवटचे दोन बाइट म्हणजे ५५ आणि एए ही खूण. त्याच्या आधी ६४ बाइट पार्टिशन टेबल: प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी. उरले ४४६ बाइट, आणि तेवढ्यात बसेल असा एक छोटासा प्रोग्रॅम. ४४६ बाइट म्हणजे किती? युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम १४८ चिन्हं. या परिच्छेदाची पहिली चार वाक्यंसुद्धा त्यात मावायची नाहीत. तेवढ्या जागेत 'कॉम्प्युटर सुरू कर' हे सांगायचं.

चालतं कसं, तर बायोस उठतो, डिस्कचा पहिला सेक्टर उचलून मेमरीत ठराविक जागी ठेवतो, शेवटी ५५ एए आहे का एवढं बघतो आणि सगळा कारभार त्या कोडच्या हातात देऊन मोकळा होतो. कोड कोणाचा, कोणी लिहिला, चांगला की वाईट, काही विचारणं नाही. जुन्या वाड्यांना देवडी असायची ना, दरवाज्याच्या आत पहारेकऱ्यांची बसायची जागा? हा पहिला सेक्टर म्हणजे वाड्याची देवडी. आत चार बिऱ्हाडं, बाहेर एकच दरवाजा. येणाऱ्याला कुठल्या बिऱ्हाडात सोडायचं हे देवडीवर बसलेला ठरवणार. आणि देवडीवर कोण बसणार याचा नियम मात्र कोणीच केलेला नाही. जो शेवटचा येऊन बसेल तो.

आयबीएमने चार बिऱ्हाडांची सोय केली होती म्हणजे एकापेक्षा जास्त सिस्टिम्स एकत्र राहतील हे त्यांना माहीत होतं. पण मेन्यू दिला नव्हता! चारपैकी एका पार्टिशनला 'अॅक्टिव्ह' अशी खूण करायची आणि एमबीआरमधला कोड ती खूण बघून त्याला सुरू करणार. दुसरी सिस्टिम हवी असेल तर एफडिस्क चालवा, खूण हलवा, मशीन पुन्हा चालू करा. चार हा आकडाही आपल्याला तीस वर्षं पुरला (म्हणजे छळला). 'एक्स्टेंडेड' आणि 'लॉजिकल' पार्टिशन्सची भानगड ही त्या चारच्या मर्यादेवर मारलेलं ठिगळ आहे.

मेन्यू पुढे आयबीएमनेच दिला. १९९२ च्या ओएस/२ २.० बरोबर बूट मॅनेजर आला. तो डिस्कवर स्वतःसाठी एक छोटं प्रायमरी पार्टिशन घ्यायचा आणि सुरुवातीला विचारायचा: डॉस की ओएस/२? मला तो सगळ्यात सभ्य वाटतो, कारण तो स्वतःच्या खोलीत राहायचा, देवडीवर पथारी पसरायचा नाही. ओएस/२ बाजारात हरली, आणि ही सभ्यताही तिच्याबरोबर मागे पडली.

त्याच सुमारास हेलसिंकीत लिनस टॉरवल्ड्स आपल्या नव्या ३८६ वर मिनिक्स वापरत होता आणि शेजारी स्वतःचा कर्नल लिहीत होता. म्हणजे लिनक्सचा जन्मच एका ड्युअल बूट मशीनवर झाला. त्यानेच आत्मचरित्रात सांगितलेला किस्सा आहे: एकदा मोडेमने नंबर फिरवायच्या कमांड्स त्याने मोडेमऐवजी हार्डडिस्कलाच पाठवल्या आणि मिनिक्सचं पार्टिशन उडालं. मिनिक्स परत टाकायची की आपलंच कर्नल पुरेसं झालंय असं मानायचं? त्याने दुसरा पर्याय घेतला. एक पार्टिशन उडालं नसतं तर पुढे काय झालं असतं, असल्या जर-तरला तसा अर्थ नाही, पण विचार येतोच.

लिनक्ससाठी वर्नर आल्म्सबर्गरने लिलो लिहिला, 'लिनक्स लोडर'चं लघुरूप. लिलोची पद्धत अगदी ठोकळेबाज होती. त्याला फाइल सिस्टिम कळायची नाही. कर्नलची फाइल डिस्कवर कुठल्या कुठल्या सेक्टरांत पडली आहे त्याची यादी तो आधीच करून ठेवायचा आणि बूट होताना त्या यादीबरहुकूम सेक्टर उचलायचा. त्यामुळे नवीन कर्नल टाकलं आणि लिलो पुन्हा चालवायचा राहिला, तर यादीतल्या पत्त्यावर भलतंच कोणीतरी. लिलोची दुसरी ओळख म्हणजे त्याची चार अक्षरं. एकेक टप्पा पार पडला की तो पडद्यावर आपल्या नावाचं एकेक अक्षर उमटवायचा. चारही आली की जिंकलो. नुसतं 'एल-आय' येऊन अडकलं तर दुसरा टप्पा मेमरीत आला पण चालू शकला नाही, असा त्याचा अर्थ. जागा इतकी कमी की एरर मेसेजलाही बाइट शिल्लक नाहीत, म्हणून स्वतःचं नावच मेसेज म्हणून वापरायचं. मला ही युक्ती आजही भारी वाटते.

त्या काळच्या माहितीपत्रकांत '१०२४ सिलिंडर'चा उल्लेख सतत येतो. जुन्या मशीनवर काम करताना हे भूत आजही भेटतं, म्हणून थोडक्यात सांगतो. बायोसच्या जुन्या कॉलमध्ये सिलिंडरसाठी १० बिट, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६ बिट होते. गुणाकार केला की साधारण ८.४ जीबी होतात. बायोसला त्यापलीकडचं दिसतच नाही. सिस्टिम सुरू झाल्यावर तिचा स्वतःचा ड्रायव्हर पुढचं वाचू शकतो, पण सुरू होण्यासाठी लागणारं कर्नल जर ८.४ जीबीच्या पलीकडे पडलं असेल तर संपलंच. म्हणून डिस्कच्या सुरुवातीलाच छोटं '/बूट' पार्टिशन करा हा सल्ला आला. कारण केव्हाच गेलं, सल्ला मात्र कितीतरी वर्षं चालू राहिला. मांजर बांधून पूजा करण्याची गोष्ट आठवा :)

आता विंडोज. विंडोज ९५ इन्स्टॉल झाली की एमबीआरमध्ये आपला कोड लिहायची, न विचारता. लिलो तिथे असेल तर पुसला जायचा. 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा आपल्या पिढीपर्यंत आलेला नियम तिथला. बरं, विंडोजला दुसरी सिस्टिम शेजारी ठेवता येत नव्हती असं अजिबात नाही! विंडोज ९५ मध्ये जुनी डॉस सुरू करायची सोय होती. एनटीचा लोडर तर बूट-डॉट-आयएनआय नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमधून मेन्यू दाखवायचा, आणि लिनक्सच्या पार्टिशनचा ५१२ बाइटांचा बूट सेक्टर फाइलमध्ये कॉपी करून त्या यादीत टाकला तर एनटी लिनक्ससुद्धा सुरू करून द्यायची. म्हणजे मेन्यू होता, शेजाऱ्यांना जागाही होती. फक्त शेजारी आपल्याच घराण्यातले असतील असं इन्स्टॉलरने गृहीत धरलेलं होतं.

इथपर्यंत सगळं निष्काळजीपणाचं म्हणता येईल. पुढची गोष्ट तशी नाही.

अॅपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये 'बी' नावाची कंपनी काढली. तिची बीओएस ही सिस्टिम १९९८ मध्ये इंटेलच्या पीसीवर आली. ज्यांनी वापरली ते आजही तिच्याबद्दल हळवे होऊन बोलतात: झटकन सुरू व्हायची, एका वेळी अनेक व्हिडिओ चालवायची, आणि हे सगळं त्या काळच्या हार्डवेअरवर. बीला विंडोजची जागा घ्यायची नव्हती. अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या खटल्यात न्यायाधीश जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये जे निष्कर्ष नोंदवले, त्यातही बीओएस ही विंडोजला पूरक म्हणून विकली जाते असंच म्हटलं होतं. म्हणजे मागणी एवढीच: आम्हाला शेजारचं बिऱ्हाड द्या. त्यासाठी बीने पीसी बनवणाऱ्या कंपन्यांना सिस्टिम फुकट द्यायची तयारी दाखवली.

हिताची तयार झाली. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या 'फ्लोरा प्रायस' या तिच्या मशीन्सवर विंडोज आणि बीओएस दोन्ही टाकून दिल्या. आणि तरी मशीन चालू केल्यावर दिसायची फक्त विंडोज. मेन्यू नाही, आयकॉन नाही. बीओएस डिस्कवर होती, पण झोपलेली. ती उठवायची तर ग्राहकाने स्वतः सूचना शोधायच्या, बूट फ्लॉपी तयार करायची आणि मेन्यू बसवायचा. फुकट मिळालेली, आधीच डिस्कवर असलेली वस्तू, आणि घेणाऱ्याला पत्ताच नाही.

असं का, तर बीचं म्हणणं होतं की मायक्रोसॉफ्ट आणि पीसी कंपन्यांमधल्या लायसन्स करारात विंडोजच्या जोडीने दुसऱ्या सिस्टिमचा बूट मेन्यू दाखवायला मनाई आहे, आणि हे करारही गोपनीय. फेब्रुवारी २००२ मध्ये बीने खटला भरला. पण तोवर कंपनी उरलीच नव्हती, तिची मालमत्ता २००१ मध्ये पामने सुमारे १.१ कोटी डॉलरला घेतली होती. सप्टेंबर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, चूक मान्य न करता. हिशेब बघा. कंपनी विकून आले त्याच्या दुपटीहून जास्त पैसे खटला मिटवून आले!

बीओएस निव्वळ या एका कारणाने बुडाली असं मी म्हणणार नाही. सॉफ्टवेअर कमी होतं, ड्रायव्हर कमी होते, आणि कंपनीने मधेच इंटरनेट उपकरणांकडे मोर्चा वळवला होता. पण एक मेन्यू, दोन ओळींचा आणि पाच सेकंदांचा, तो लोकांना दिसू न देणं किती महत्त्वाचं असू शकतं हे या प्रकरणातून कळतं. ४४६ बाइटांची जागा कोणाची याला लोक लायसन्स करार लिहायला बसले होते.

आपल्याकडे चित्र जरा वेगळं होतं, आणि त्याचं श्रेय लॅमिंग्टन रोडला आणि पुण्याच्या तपकीर गल्लीला द्यायला हवं. घरोघरी असायचा तो असेंबल्ड पीसी. त्यावर विंडोज टाकून देणारा गल्लीतला माणूस कुठल्या ओईएम कराराला बांधलेला नव्हता (बऱ्याचदा लायसन्सलाही नव्हता, असो). तो डिस्कचे सी, डी, ई असे तीन तुकडे पाडून द्यायचा. सी मध्ये विंडोज, डी मध्ये गाणी आणि सिनेमे, आणि ई बहुतेक रिकामी. माझ्या चुलतभावाच्या पिढीतल्या कित्येकांनी पहिलं लिनक्स त्या ई वर टाकलं. पीसीक्वेस्टसारख्या मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या, त्या काळात डायलअपवर सहाशे एमबी उतरवणं अशक्यच. आणि प्रयोग फसला की पुन्हा तोच गल्लीतला माणूस 'एफडिस्क स्लॅश एमबीआर' मारून विंडोजचा कोड जागेवर बसवून द्यायचा. डॉस ५ पासून असलेला हा स्विच अधिकृत माहितीत कुठे छापलेला नव्हता, तरी सगळ्यांना पाठ होता. आमच्या वेळी कॉलेजच्या लॅबमध्ये प्रत्येक मशीनवर ग्रबचा काळा पडदा असायचा. प्रॅक्टिकलला लिनक्स, बाकी सगळ्याला विंडोज. दहा सेकंदांत बाण दाबला नाही तर चुकीच्या सिस्टिममध्ये, आणि मग पुन्हा रीस्टार्ट.

ग्रबचं सांगायचं राहिलंच. १९९५ मध्ये एरिक बोलिन हा जीएनयू हर्ड सुरू करायच्या खटपटीत होता. प्रत्येक सिस्टिमची सुरू व्हायची तऱ्हा वेगळी, म्हणून त्याने आणि ब्रायन फोर्डने 'मल्टिबूट' नावाचं स्पेसिफिकेशन लिहिलं: सगळ्यांनी एकाच रीतीने सुरू व्हायचं. आधी फ्रीबीएसडीचा लोडर त्यासाठी बदलायचा प्रयत्न झाला, मग लक्षात आलं की नवीनच लिहिणं सोपं. सोळा आणे प्रोग्रॅमरचा स्वभाव! लिलोपेक्षा मोठा फरक म्हणजे ग्रबला फाइल सिस्टिम वाचता यायची. कर्नलचं नाव सांगा, तो शोधून आणणार. १९९९ मध्ये तो अधिकृत जीएनयू प्रकल्प झाला आणि हळूहळू लिलोला घरी बसवलं. गंमत म्हणजे ज्या हर्डसाठी हे सगळं केलं ती वापरणारी माणसं शोधून सापडणार नाहीत, पण ग्रब जगभर.

पण फाइल सिस्टिम वाचणारा कोड ४४६ बाइटांत कसा मावेल? मावत नाही. जुन्या पद्धतीत पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं, म्हणजे एमबीआरच्या मागे ६२ सेक्टर, साधारण ३१ केबी, रिकामे पडलेले. ग्रबने आपलं उरलेलं सामान तिथे ठेवलं. ती जागा अधिकृतपणे कोणाचीच नाही, त्यामुळे ग्रब एकटाच हुशार निघाला नाही. विंडोजवरच्या काही महागड्या सॉफ्टवेअर्सची लायसन्स तपासणारी यंत्रणाही आपली खूण गुपचूप तिथेच लिहायची, म्हणजे डिस्क फॉरमॅट केली तरी ट्रायल संपल्याचं लक्षात राहावं. त्यात ग्रबच्या कोडचा लचका तुटायचा आणि मशीन सुरू होईना. ग्रब २ वाल्यांनी यावर काय करावं? त्यांनी आपल्या कोडबरोबर रीड-सॉलोमन कोडिंग टाकलं, ओरखडे पडलेल्या सीडीतून गाणं वाचवणारं तेच गणित. कोणी मधले बाइट पुसले तर ते दुरुस्त करून पुढे जायचं. शेजारी भांडत नाही, नुसतं सामान कुरतडतो, मग दुसरं काय करणार.

या सगळ्यावर तोडगा यायला इंटेल कारण झालं. इटेनियम प्रोसेसरसाठी तिने १९९० च्या दशकात ईएफआय आणलं, २००५ पासून ते यूईएफआय म्हणून अनेक कंपन्यांच्या फोरमकडे गेलं. यात देवडीच मोडीत काढली. डिस्कवर एक छोटं सामाईक पार्टिशन, त्यात प्रत्येक सिस्टिमचा आपापला फोल्डर, आणि कोण-कोण आहे याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत. एकाने दुसऱ्याला पुसायचं कारणच नाही. सोबत जीपीटी आलं. एमबीआरमध्ये सेक्टरचा पत्ता ३२ बिटांचा असल्याने सुमारे २.२ टीबीच्या पुढे जाता येत नव्हतं, तेही सुटलं आणि चारची मर्यादाही गेली.

आणि आता सगळे सुखाने नांदतील असं वाटत असतानाच सिक्युअर बूट आलं. पहिला सेक्टर कोणीही बदलू शकतो याचा फायदा व्हायरसवाल्यांनी फार आधीपासून घेतला होता, त्यामुळे 'सही असलेलाच कोड चालवायचा' ही कल्पना तशी चुकीची नाही. प्रश्न, सही कोणाची? २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हा जवळपास प्रत्येक पीसीत किल्ली होती ती मायक्रोसॉफ्टची. तेव्हा रेड हॅटमध्ये असलेल्या मॅथ्यू गॅरेटने २०११ मध्येच धोक्याची घंटा वाजवली होती. आरडाओरडा झाला आणि पीसीवर सिक्युअर बूट बंद करायची सोय मालकाला असलीच पाहिजे अशी अट मायक्रोसॉफ्टने घातली. विंडोज १० च्या वेळी, २०१५ मध्ये, ती सोय देणं न देणं कंपन्यांच्या मर्जीवर सोपवलं. लिनक्सवाल्यांनी मधला मार्ग काढला: 'शिम' नावाचा चिमुकला लोडर, त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घ्यायची आणि पुढे तो ग्रबला सुरू करणार. जानेवारी २०१३ ची फेडोरा १८ अशी आली. म्हणजे लिनक्स आजही बहुतेक पीसींवर सुरू होतं ते मायक्रोसॉफ्टच्या सहीने. हे वाक्य १९९९ मध्ये कोणाला सांगितलं असतं तर चेष्टा वाटली असती.

याचा परिणाम काय होऊ शकतो ते १३ ऑगस्ट २०२४ ला दिसलं. विंडोजच्या त्या दिवशीच्या अपडेटने ग्रबच्या जुन्या, असुरक्षित आवृत्त्या बाद ठरवल्या. ड्युअल बूट मशीन्सना हे लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने आधी सांगितलं होतं, पण कुठलं मशीन ड्युअल बूट आहे ते ओळखण्यात गफलत झाली. अनेकांनी लिनक्स सुरू करायला घेतलं तर पडद्यावर 'काहीतरी फारच गंभीर बिघडलंय' अशा अर्थाचा संदेश आणि मशीन बंद. पक्का उपाय आला मे २०२५ मध्ये, नऊ महिन्यांनी. हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. पण १९९५ च्या इन्स्टॉलरसारखंच, शेजारी कोण राहतं ते नीट न बघता कुलूप बदललं गेलं.

मॅकचं एका ओळीत: अॅपलने २००६ मध्ये बूट कॅम्प देऊन मॅकवर विंडोज सुरू करायची अधिकृत सोय दिली आणि २०२० मध्ये स्वतःच्या चिपवर गेल्यावर नव्या मशीन्सवरून ती काढून घेतली.

म्हणूनच २०१० ते २०१७-१८ मधलं मशीन घरात असेल तर ते भंगारात देण्याआधी थांबा. त्या काळच्या बऱ्याच मदरबोर्डवर यूईएफआय आहे आणि जुन्या बायोससारखं वागायची सोयही आहे. इंटेलने ही जुनी सोय २०२० पर्यंत काढून टाकायचं २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. माझ्याकडे २०१३ चा एक डेस्कटॉप आहे, त्यावर तीन सिस्टिम्स आहेत: विंडोज १० (नेट तोडून, फक्त एका जुन्या स्कॅनरसाठी), लिनक्स मिंट, आणि तिसरी पुढे सांगतो. असं करायला बसलात तर दोन गोष्टी बघा. एक, विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं तर 'शट डाउन' केल्यावर विंडोज अर्धी झोपलेलीच राहते आणि लिनक्सला त्या पार्टिशनवर धड लिहिता येत नाही. दोन, एका सिस्टिममधून दुसरीत गेलात की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास पुढेमागे दिसेल. डॉसच्या काळापासून मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवायची रीत होती, विंडोजने ती तशीच पाळली. लिनक्स मात्र तिथे ग्रीनिचची वेळ धरतं. दोघांपैकी एकाला समजवायचं, बस. लिनक्सला समजवणं सोपं जातं.

तिसरी सिस्टिम आहे हायकू. बी कंपनी विकली गेली त्याच वर्षी, २००१ मध्ये, काही मंडळींनी बीओएस पहिल्यापासून पुन्हा, ओपन सोर्स, लिहायला घेतली. २००४ मध्ये नाव पडलं हायकू. पहिली बीटा यायला २०१८ उजाडलं आणि पाचवी बीटा सप्टेंबर २०२४ मध्ये आली. रोजच्या कामाला अजून अपुरी आहे, पण त्या जुन्या डेस्कटॉपवर ती ज्या वेगाने उघडते ते बघून बीओएसवाले हळवे का होतात ते कळतं. तिच्याबरोबर एक छोटा प्रोग्रॅम येतो, बूटमॅनेजर नावाचा. तो डिस्कवरची पार्टिशन्स शोधतो, एमबीआरची आधी एक प्रत काढून ठेवतो, आणि मग पहिल्या सेक्टरमध्ये आणि त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत एक साधा मेन्यू बसवतो. त्यात वरच्या ओळीत विंडोज दिसते, खालच्या ओळीत हायकू.